मंडळाकडे वर्गणीतले पैसे उरले आहेत, गावासाठी बाइक अ‍ॅम्ब्युलन्स घ्यावी का?

घ्या म्हणायच्या आधी एक विचारतो: ती बाइक पेशंटकडे डॉक्टर नेणार की डॉक्टरकडे पेशंट? दोन्हींना आपण बाइक अ‍ॅम्ब्युलन्सच म्हणतो आणि घोळ इथंच होतो.

मी बीएएमएस. सातपुड्यातल्या एका तालुक्यात काही वर्षं 108 च्या गाडीवर होतो. मुंबईत 2017 साली 108 च्या बाइक आल्या, त्या पहिल्या प्रकारच्या. गर्दीतून वाट काढत पोचायचं, ऑक्सिजन लावायचा, तोवर मागून मोठी गाडी येते. शहरात हे झकास चालतं. आमच्या पाड्यांवर मागून येणारी गाडीच नव्हती. डांबरी संपली की झोळी. बांबूला गोधडी बांधायची आणि आळीपाळीनं खांदे बदलत न्यायचं. पेपरवाल्यांनी तिला 'बांबुलन्स' नाव दिलंय. वाचणाऱ्याला गंमत वाटते.

तुमच्यासारख्या गावाला उपयोगी पडेल असं उदाहरण नेपाळच्या तराईतलं आहे. दमक गावात नेपाळ रेडक्रॉसचं सर्पदंश उपचार केंद्र आहे. आसपासच्या चार गावांतल्या मोटरसायकलवाल्यांनी ठरवलं, की साप चावल्याचा निरोप आला की रात्र असो वा पाऊस, निघायचं. पेशंट मधे, त्याला धरायला मागे एक जण. आपल्याकडे हवालदार ज्यासाठी पावती फाडतो तीच ट्रिपल सीट! मागचा माणूस हवाच, कारण नाग किंवा मण्यार चावली की पापण्या मिटायला लागतात, मान पडते, हातात धरायचं बळ राहत नाही. पुढे श्वासाचे स्नायू थकतात. त्याच्या आत प्रतिविष मिळालं पाहिजे, आणि श्वास थांबलाच तर तो देणारं कुणी पाहिजे. त्या गावांत दंश झालेल्या दर शंभरात दहाच्या वर माणसं दगावत होती, 10.5 टक्के. ते प्रमाण 0.5 टक्क्यावर आलं. अर्थात श्रेय एकट्या गाड्यांचं नाही. आवळून बांधू नका, कापू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, हेही त्याच वेळी घरोघरी सांगितलं जात होतं.

यात अ‍ॅम्ब्युलन्स अशी विकत घेतलेली एकही नव्हती, हे बघा. गाड्या लोकांच्याच. पश्चिम बंगालमधल्या जलपायगुडीचे करीमुल हक यांचंही तेच. चहामळ्यातला कामगार माणूस, गाडीअभावी आई गेली म्हणून स्वतःच्या बाइकवरून पेशंट न्यायला लागला. 2017 साली पद्मश्री मिळाली.

बाळंतपणाला मात्र ही ट्रिपल सीट चालत नाही. आफ्रिकेत मलावीमधल्या मंगोची जिल्ह्यात त्यासाठी आडवं झोपता येईल अशी जोडगाडी लावलेल्या मोटरसायकली आरोग्य केंद्रांना दिल्या. अडलेली बाई दवाखान्यात पोचायला लागणारा वेळ दोन ते साडेचार तासांनी कमी झाला, आणि गाडीची किंमत मोटार अ‍ॅम्ब्युलन्सच्या एकोणिसाव्या हिश्श्याएवढी. पण जोडगाडीला बैलगाडीएवढी वाट लागते. पायवाटेवर, चढावर ती उलटते. आणि झाडावरून पडलेला, मणक्याला मार असलेला माणूस कुठल्याच बाइकवर घालू नका. त्याला फळीवर बांधून झोळीच बरी.

आमच्या भागात देणगीतून आलेली एक बाइक होती. फीत कापली, फोटो झाले. पुढे पेट्रोलचं बिल कुणी द्यायचं यावर कागद फिरत राहिले, बॅटरी उतरली, आणि शेडमध्ये तिच्यावर कोंबड्या बसायला लागल्या. चालवणारा पोरगा तिच्याशेजारीच उभा असायचा, स्वतःच्या गाडीला टेकून.

म्हणून, पैशांचं असं करा. आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारा, सापावरच्या इंजेक्शनच्या किती कुप्या आहेत, आणि रात्री दोनला ते देणारं कुणी असतं का. नसेल तर पुढचं केंद्र कुठलं, ते लिहून घ्या. ज्यांच्याकडे गाड्या आहेत अशा सहा-सात पोरांचे नंबर शाळेच्या आणि दुकानाच्या भिंतीवर रंगवा, कुठल्या वारी कुणाची पाळी ते धरून. वर्गणी पेट्रोलला आणि टायरला ठेवा, हेल्मेट, चांगल्या टॉर्च आणि एक स्ट्रेचर घ्या. आशाताईंना पहिल्या बैठकीलाच बोलवा. कुठल्या घरात कुणाचे दिवस भरत आलेत हे त्यांना माहीत असतं, त्या बाईला आठवडाभर आधीच रस्त्याकडच्या नातेवाइकाकडे हलवता येतं.