दोन कामांच्या मधले दिवस

एक स्वयंसेवा संपली, दुसरी सुरू व्हायला तीन आठवडे आणि वाटेत पाच मित्र. सगळ्यांना भेटायचा मोह होणारच. माझं ऐक, दोघांकडेच जा. पहिल्या खेपेला मी अठरा दिवसांत सहा घरं केली. शेवटच्या घरी मैत्रीण जिवाभावाचं काहीतरी सांगत होती आणि मी सोफ्यावर बसल्याबसल्या चक्क घोरायला लागलो. ती अजून ऐकवते.

परदेशात असशील तर आधी व्हिसा बघ. जुना कधी संपतो, नवा कधीपासून लागू, मधले दिवस कशावर राहणार? बिनपगारी असली तरी पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा बऱ्याच देशांत चालत नाही. पासपोर्टही तपास, अनेक देशांना त्याची पुढची 6 महिने मुदत लागते.

मग एवढंच:
- येण्याची तारीख कळवतोस तशी निघण्याचीही कळव. 'बघू, राहीन थोडे दिवस' म्हटलं की यजमान अवघडतो.
- मित्र कामावर गेले की झोप काढ, कपडे धू.
- नव्या जागी दोन दिवस आधी पोच.

विम्याचं नंतर बोलू. आज त्या दोघांना फोन कर.