माडावरच्या इरिओफाईड कोळ्याला चारच पाय असतात, मग तो कीटक की कोळी? कुळ कोणतं?

कोळीच (जाळं विणणारा नव्हे, इंग्रजीत ‘माइट’), कुळ इरिओफायिडी. गोव्यात नारळाच्या देठाकडच्या टोपीखाली लपून साल तपकिरी, भेगाळ करणारी जात म्हणजे असेरिया गुएरेरोनिस. अमेरिकी कोळीतज्ज्ञ कायफर यांनी १९६५ मध्ये मेक्सिकोतल्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं. पायांवर जाऊ नका. कोळ्यांना सहसा आठ पाय, पण या कुळात मागच्या दोन जोड्या नाहीशा झाल्यात आणि शरीर अळीसारखं लांबट, तेही पाव मिलिमीटरच्या आसपास. भिंगाशिवाय शोधणं व्यर्थ. (दुकानात कीटकनाशक नव्हे, कोळीनाशक मागा.) वर्गीकरणाच्या वरच्या पातळीवर मात्र एकमत नाही: जुनी पुस्तकं हे कुळ लाल कोळ्यासोबत प्रोस्टिग्मॅटा या कोळ्यांच्या मोठ्या गटात बसवतात, अलीकडच्या काही जनुकीय अभ्यासांत मातीत राहणाऱ्या नेमॅटॅलिसिडी कुळाशी जवळचं नातं दिसतं.