स्लॉथच्या डोळ्यात कोन पेशी नसतात, पण नुसत्या स्लाईडवरून ते म्हणू नका

ताई, तुमचे प्रश्न दोन. स्लॉथच्या रेटिनात फक्त रॉड असतात हे स्लाईड बघून कळतं का, आणि मुलीच्या एमएस्सीच्या सेमिनारसाठी तशी स्लाईड नागपुरात मिळेल का. रेटिना म्हणजे डोळ्याच्या आतला उजेड टिपणारा पडदा. त्यातल्या रॉड पेशी अंधुक उजेडात काम करतात, कोन पेशी भर उजेडात, आणि रंगही कोनमुळेच कळतात. दुसऱ्याचं आधी सांगतो, त्या भरवशावर राहूच नका, हा झाडाला लटकणारा संथ प्राणी मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. आणि कोणी ताडोब्याचं नाव घेतलं तर ते आपलं अस्वल, त्याला इंग्रजीत स्लॉथ बेअर म्हणतात म्हणून गोंधळ होतो. 1791 मध्ये जॉर्ज शॉ नावाच्या साहेबाने त्याची लांब नखं वगैरे पाहून त्याला स्लॉथच समजून ब्रॅडिपस अर्सिनस असं नाव ठेवलं होतं, तेव्हाची चूक अजून नावात चिकटून आहे.

आता मुद्द्याचं. मी बरीच वर्षं हिस्टॉलॉजीच्या, म्हणजे ऊती तपासायच्या, लॅबमध्ये सेक्शन (सूक्ष्मदर्शकासाठीचे पातळ काप) कापलेत, त्यामुळे थोडं लांबेल.

मुलीला बकऱ्याच्या डोळ्याची स्लाईड दाखवा, साधी एच अँड ई केलेली, म्हणजे नेहमीच्या जांभळ्या-गुलाबी रंगाने रंगवलेली. 40 च्या लेन्सखाली रेटिनात जांभळ्या ठिपक्यांचे थर दिसतात. त्यातला बाहेरचा थर, म्हणजे कोरॉइडच्या (रेटिनामागच्या रक्तवाहिन्यांच्या थराच्या) बाजूचा, रॉड आणि कोनच्या न्यूक्लियसचा. रॉडचे न्यूक्लियस बारीक, गच्च, गडद, मोहरी सांडल्यासारखे, आणि बरेच रांगांनी. कोनचे जरा मोठे, फिकट, आणि त्या थराच्या अगदी बाहेरच्या कडेला अधूनमधून बसलेले. स्लॉथच्या सेक्शनमध्ये हीच कडेची फिकट मंडळी शोधायची, आणि ती नसतात.

पण इथेच घोळ आहे. दिसली नाहीत म्हणजे नाहीतच असं डोळ्याच्या बाबतीत बोलता येत नाही. शिकत असताना मी मे महिन्यात बकऱ्याचा डोळा प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्कूटरच्या डिकीत आणला, वाटेत तर्री पोहे खायला थांबलो, आणि मग आरामात फॉर्मलीनमध्ये, म्हणजे ऊती सडू नयेत म्हणून वापरायच्या द्रावणात, टाकला. स्लाईड बनली तर रेटिना वॉलपेपरसारखी सुटून आलेली, बाहेरच्या टोकांचा नुसता गुलाबी चिखल. मी मात्र ऐटीत लिहिलं, कोन आढळले नाहीत. सरांनी बघितलं आणि म्हणाले, काहून रे, बकऱ्याले कोन नसतात हे तुले कोणी सांगितलं? प्राणी मेल्यावर डोळ्यात रेटिना फार लवकर सडते. जंगलातून आणलेल्या स्लॉथचा डोळा किती ताजा असेल, विचार करा.

म्हणून जुन्या लोकांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघून स्लॉथला कोन नसावेत असं लिहिलं तरी शंका उरायचीच. ती मिटली जीनमुळे. 2015 मध्ये ख्रिस्तोफर एमरलिंग आणि मार्क स्प्रिंगर या शास्त्रज्ञांनी स्लॉथ, आर्माडिलो आणि नामशेष झालेल्या मायलोडॉन या जमिनीवरच्या स्लॉथचेही जीन तपासले. कोनमध्ये उजेडाचा सिग्नल पुढे ढकलायला एक एन्झाइम लागतं, त्याचा एक भाग पीडीई6सी या जीनवरून बनतो, आणि तो जीन स्लॉथ व मुंगीखाऊंच्या पूर्वजातच मोडला होता. म्हणजे समजा कुठे एखादा कोनसारखा सेल उभा असलाच तरी तो मुका. आर्माडिलोंकडे नुकसान झालं ते वेगळ्या जीनमुळे, स्वतंत्रपणे. त्यांचा अंदाज असा की या सगळ्यांचे पूर्वज बिळात राहणारे असावेत, अंधारात कोन हवेत कशाला. मला तो अंदाज पटतो, पण सेमिनारमध्ये मुलीने तो अंदाज म्हणूनच सांगावा.

याचा परिणाम काय? दुपारच्या शोला थेटरात बसून मे महिन्यात नागपुरातल्या बर्डीच्या रस्त्यावर बाहेर आलात की क्षणभर नुसता पांढरा झोत, काहीच दिसत नाही. आपले कोन लगेच काम हातात घेतात म्हणून आपण सावरतो. रॉडमधलं रोडॉप्सिन, म्हणजे उजेड टिपणारं रंगद्रव्य, भर उन्हात विरंजित होतं, रॉड गच्च भरल्यासारखे होतात आणि फरक सांगू शकत नाहीत. स्लॉथकडे काम हातात घ्यायला दुसरं कोणी नाहीच. वर रंग नाहीत, आणि पुष्कळ रॉडची तार एकाच गँग्लियन सेलकडे, म्हणजे मेंदूकडे सिग्नल नेणाऱ्या पेशीकडे, जात असल्यामुळे अंधुक उजेड गोळा होतो पण बारकावा जातो. मग फांदी नखांनी चाचपत, वास घेत चालायचं. त्याच्या संथपणामागे पचन आणि चयापचय आहेच, पण इतकं कमी दिसणाऱ्याने धावावं तरी कुठे?

मुलीला तुलनेसाठी बकऱ्याचीच स्लाईड बनवायला लावा. मटणवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, सकाळी कापल्या कापल्या डोळा घ्या, डेव्हिडसन फ्लुइड (डोळा टिकवायचं द्रावण) दुकानातच बरोबर न्या आणि तिथेच बुडवा, साधं फॉर्मलीन नको. साधारण 24 तासांनी काढा. आणि एम्बेड करायच्या, म्हणजे मेणात बसवायच्या, आधी डोळ्यातली लेन्स काढून टाका, ती दगडासारखी होते, मायक्रोटोमवर (काप कापायच्या यंत्रावर) तिचा चुरा होतो आणि तो चुरा रेटिना फाडत जातो.