भूकंपाच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर तपासायचं कसं? दोन मजली फ्रेम घेऊन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठ मजली, २४ मीटर उंच आरसीसी फ्रेम, झोन ३, मध्यम माती, भूकंपाच्या दिशेतली पायाची लांबी १६ मीटर. तीच इमारत दोन सॉफ्टवेअरमध्ये घातली तर एकाचा स्टॅटिक बेस शिअर (कोडच्या सरळ सूत्राने पायाशी येणारा एकूण आडवा भूकंपभार) दुसऱ्याच्या जवळपास दीडपट येतो. विश्वास कोणावर ठेवायचा?

इतका मोठा फरक सॉल्व्हरमुळे (समीकरणं सोडवणाऱ्या भागामुळे) सहसा येत नाही, आधी इनपुट बघा. आयएस १८९३ भाग १ (२०१६) या भूकंपाच्या भारतीय कोडमध्ये पिरियडची (इमारतीच्या एका पूर्ण झोक्याला लागणाऱ्या वेळेची) दोन सूत्रं आहेत. विटांच्या भिंती धरल्या नाहीत तर ०.०७५ × उंचीचा ०.७५ घात, म्हणजे तुमच्याकडे ०.८१ सेकंद आणि Sa/g (त्या पिरियडसाठी कोडने दिलेला त्वरणाचा गुणांक) १.६७. भिंती धरल्या तर ०.०९ × २४ ÷ √१६ = ०.५४ सेकंद आणि Sa/g २.५. गुणोत्तर दीडपट! विटांच्या भिंती असतील तर दुसरं सूत्र धरायचं. दोन्ही फाइलींत कोणता पर्याय निवडलाय ते उघडून बघा.

पण आकडे जुळले की पडताळणी झाली, असं मात्र मानू नका. मॉडेल एकातून दुसऱ्यात इम्पोर्ट केलं असेल तर चूकसुद्धा सोबत जाते. ज्याचं उत्तर कागदावर निघतं अशी फ्रेम घ्या.

दोन मजले, एक गाळा, मजल्याची उंची ३ मीटर, पाया फिक्स. एम२५ काँक्रीट, E (लवचिकता गुणांक) = २५,००० एमपीए. प्रत्येक कॉलमच्या छेदाचा मोमेंट ऑफ इनर्शिया I ०.०००९ मी⁴ (साधारण ३०० × ३३० मिमी). म्हणजे मजल्याचा कडकपणा २४EI/h³ = २०,००० किलोन्यूटन प्रति मीटर. प्रत्येक मजल्यावर २० टन वस्तुमान, दोन सांध्यांत निम्मं-निम्मं, फक्त X दिशेत. मजल्याच्या सांध्यांचं फिरणं रोखा. त्यासाठी बीमचा I अब्जावधी पटींनी वाढवू नका, मॅट्रिक्स बिघडते. सेल्फ वेट शून्य, शिअर डिफॉर्मेशन बंद, एंड ऑफसेट (सांध्याच्या जाडीमुळे लांबी कमी धरणं) बंद.

उत्तर: पिरियड ०.३२१५ आणि ०.१२२८ सेकंद. मोड शेप (डोलण्याच्या प्रत्येक प्रकारात, म्हणजे मोडमध्ये, खालच्या आणि वरच्या मजल्याच्या हालचालीचं प्रमाण) १ : १.६१८ आणि १ : −०.६१८. मास पार्टिसिपेशन (प्रत्येक मोडमध्ये भाग घेणारा वस्तुमानाचा वाटा) ९४.७ आणि ५.३ टक्के.

आकडा चुकला तर तो नेमका किती आला ते बघा, कारण बहुतेक वेळा त्यातूनच चूक सापडते. पहिला पिरियड ०.३२७ आला तर शिअर डिफॉर्मेशन चालू राहिलंय. ०.३८४ आला तर कॉलमला ०.७ चा क्रॅक्ड मॉडिफायर (तडे धरून कडकपणा कमी करणारा गुणक) आपोआप लागलाय. १.००७ आला तर वस्तुमानाच्या जागी किलोन्यूटनमधलं वजन गेलंय (√९.८१ पट).

आता रिस्पॉन्स स्पेक्ट्रम (पिरियडनुसार त्वरण देणारा आलेख). इथला I म्हणजे इमारतीच्या महत्त्वाचा गुणक (कॉलमचा I नव्हे), R म्हणजे भार कमी करणारा गुणक, Z म्हणजे झोनचा गुणक. I = १, R = ५ धरून आडवा भूकंप गुणांक Ah = (Z/२) × (I/R) × (Sa/g) = ०.०८ × ०.२ × २.५ = ०.०४. पहिल्या मोडचा बेस शिअर १४.८७, दुसऱ्याचा ०.८३, एसआरएसएसने (वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ) १४.८९ किलोन्यूटन. सीक्यूसीने (मोडमधला परस्परसंबंधही धरणारी रीत) जवळपास तेवढंच, १४.९०, कारण दोन्ही मोड एकमेकांपासून पुरेसे लांब आहेत. १.५२ दिसलं तर स्केल फॅक्टरमध्ये g घालायचा विसरलाय, २९.८ दिसलं तर Z/२ ऐवजी Z गेलाय. स्टॅटिक बेस शिअर मात्र १५.७० येतो (इथे Sa/g दोन्हीकडे २.५ च आहे), म्हणून कोडप्रमाणे डायनॅमिक निकाल १.०५४ ने वाढवावे लागतात. तुमचं सॉफ्टवेअर हे स्वतः करतं की हाताने करावं लागतं, हे याच फ्रेमवर कळतं.

ड्रिफ्टही (लगतच्या दोन मजल्यांच्या विस्थापनांतला फरक) इथेच तपासा. वरच्या मजल्याचा ड्रिफ्ट मोडनिहाय काढून मग एकत्र केला तर ०.४६४ मिमी. आधी विस्थापनं एकत्र करून मग वजाबाकी केली तर ०.४५९. दुसरी रीत चुकीची आहे, कारण एसआरएसएसमध्ये चिन्ह हरवतं. इथे फरक एक टक्का आहे, पण वरचे मोड जोरात असलेल्या उंच इमारतीत तो बराच वाढू शकतो.

टाइम हिस्टरीसाठी (वेळेनुसार हालचाल काढणाऱ्या विश्लेषणासाठी) खालच्या मजल्यावर १० आणि वरच्यावर १६.१८ किलोन्यूटन आडवा भार द्या. विस्थापन १.३०९ आणि २.११८ मिमी यायला हवं. मग भार एकदम काढून घ्या. आकार पहिल्या मोडचाच असल्यामुळे फक्त तोच मोड हलेल. पाच टक्के डॅम्पिंगला (हालचाल विरवणाऱ्या रोधाला) त्याच बाजूचं प्रत्येक पुढचं शिखर आधीच्याच्या ७३ टक्के यायला हवं. रॅले डॅम्पिंग (वस्तुमान आणि कडकपणा यांच्या गुणकांवरून ठरणारं) वापरत असाल तर दोन्ही मोडना पाच टक्के मिळण्यासाठी वस्तुमानाचा गुणक १.४१४ आणि कडकपणाचा ०.००१४१४. न्यूमार्कच्या सरासरी त्वरण पद्धतीत (टप्प्याटप्प्याने हिशोब पुढे नेण्याची रीत) टाइम स्टेप पिरियडच्या दहाव्या भागाएवढी ठेवली तर पिरियड साधारण ३.२ टक्के लांबतो, विसाव्या भागाला ०.८ टक्के. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाच्या नोंदीत उच्च वारंवारता भरपूर आहे. ती वापरताना स्टेप बारीकच ठेवा.

टॉर्शनसाठी (इमारतीच्या पिळण्यासाठी) वेगळं एकमजली मॉडेल: चौरस प्लॅन, चार कोपऱ्यांत सारखे चौरस कॉलम, रिजिड डायफ्रॅम (आपल्या पातळीत आकार न बदलणारा स्लॅब), वस्तुमान सगळीकडे सारखं पसरलेलं. फिरण्याचा पिरियड सरळ दिशेच्या पिरियडच्या ०.५७७ पट (१/√३) यायलाच हवा. नाही आला तर डायफ्रॅमचा मास मोमेंट ऑफ इनर्शिया तपासा. सगळं वस्तुमान एकाच बिंदूत ठेवून हा आकडा शून्यच सोडणं ही नेहमीची चूक.

छोट्या फ्रेममध्ये सेल्फ वेट बंद होतं, म्हणून एक चूक तिथे सापडत नाही. मास सोर्समध्ये (वस्तुमान कुठून घ्यायचं ती सेटिंग) एलिमेंट सेल्फ मास आणि डेड लोड केस दोन्हींवर टिक असेल तर सेल्फ वेट दोनदा मोजलं जातं. तुमच्या आठ मजली मॉडेलमध्ये एकूण वस्तुमान × ९.८१ ची तुलना डेड लोड + २५ टक्के लाइव्ह लोडच्या उभ्या रिअॅक्शनशी करा (३ किलोन्यूटन/मी² पेक्षा जास्त लाइव्ह लोडला ५० टक्के, गच्चीवर शून्य). पायाच्या सांध्यांवरचं वस्तुमान सोडून बाकी जुळायला हवं.

या फाइली आणि हातचा हिशोब जपून ठेवा. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की प्रोजेक्टला हात लावण्याआधी त्या पुन्हा चालवा. पिरियड आणि पार्टिसिपेशनमध्ये तिसऱ्या अंकापर्यंत फरक पडता कामा नये.