आमटी पातळ करू का?

प्रश्न : बाई, मी आमच्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. कुठे लांब युद्ध पेटलं की इथे तेल महागतं, आणि शाळेच्या पोषण आहाराचा मेळ बसत नाही. परवाच्या बैठकीत निघालं, डाळ थोडी कमी करू, आमटी पातळ करू. माझं मन घेत नाही. तुम्ही काय केलं असतं?
— एक वाचक, ता. माण, जि. सातारा

उत्तर : ताई, डाळीला हात लावू नका. मी तो लावला होता, म्हणून सांगते.

२०२२ चा जून. युक्रेनची बंदरं फेब्रुवारीपासून अडकलेली, आणि आपल्याकडचं सूर्यफूल तेल बहुतेक तिकडूनच यायचं. मध्ये इंडोनेशियानेही काही आठवडे पामतेल बाहेर पाठवणं थांबवलं होतं. त्या वर्षी तेल आम्हीच गावातून आणत होतो. दीडशेची लिटरची पिशवी एकशे नव्वदला झाली. माझ्या शाळेचा पट ६४, पहिली ते चौथी. मुलामागे रोज ५ ग्रॅम तेल धरलं तर २४ दिवसांना साधारण साडेआठ लिटर. म्हणजे महिन्याला तीनशे चाळीसच्या आसपास रुपये जास्तीचे. आणि एका मुलाच्या जेवणाला तेव्हा मिळायचे ४ रुपये ९७ पैसे. डाळ, भाजी, तेल, मसाला, जळण सगळं त्यातच. ६४ मुलांचे दिवसाचे ३१८. महिन्यातला एक अख्खा दिवस नुसत्या तेलवाढीने खाल्ला! तांदूळ सरकारकडून येतो, म्हणून भात तरी वाचला.

मग मी रोजची डाळ सव्वा किलोवरून किलोवर आणली. वाटलं, कुणाला कळतंय. सोमवारी मुलं नेहमीच जास्त जेवतात. रविवारी काही घरांत काय शिजलं ते सोमवारच्या ताटात दिसतं. चौथीतली एक पोर ताट पुढे करून म्हणाली, "मावशी, खालची वाढा." मावशींनी डाव तळापर्यंत घातला, ढवळला आणि माझ्याकडे बघितलं. तळाला काही नव्हतंच. दुसऱ्या दिवसापासून डाळ पुन्हा सव्वा किलो.

आता उपाय. तेल मापाने घाला. कॅनमधून थेट कढईत ओतलं की हात सैल सुटतो. आम्ही स्टीलच्या पेल्यावर खूण केली आणि पंधरा दिवसांत फरक दिसला. पण मापाच्या खाली जाऊ नका, कारण पहिली ते पाचवीच्या ४५० कॅलरीतल्या ४५ त्या ५ ग्रॅम तेलाच्या असतात. भाजीचा खर्च शेवग्याच्या पाल्याने हलका होतो, शाळेच्या कुंपणाला दोन झाडं पुरतात. कुणी मुलाच्या वाढदिवसाला जिलबी आणतो म्हणाला, तर दोन किलो शेंगदाणे मागा. आमच्याकडे एका आजोबांनी आधी तोंड वाकडं केलं, मग दर महिन्याला पिशवी आणून द्यायला लागले. कूट घातलं की आमटीला अंगही येतं.

तरी खरं दुखणं स्वयंपाकघरात नाही. सरकारी दर वाढतो तो महागाई होऊन गेल्यावर. २०२२ ला वाढ आली ऑक्टोबरात, मुलामागे ४८ पैसे. मधले महिने कुणी भरले? शिक्षकांनी खिशातून, दुकानदाराने उधारीवर, आणि जिथे तेही जमलं नाही तिथे मुलांच्या पोटाने. मला हे अजून सहन होत नाही. मे २०२५ ला प्राथमिकचा दर ६ रुपये ७८ पैसे झाला, पण भाव रोज हलतात आणि दर तिथेच असतो.

म्हणून पुढच्या बैठकीला मदतनीस मावशींना बोलवा, त्यांना ग्रॅमचा हिशेब तोंडपाठ असतो. दुकानाच्या पावत्या, पट आणि रोजची तूट एका कागदावर मांडा, तसा ठराव करा आणि पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.