बाळपणीचं हिमोग्लोबिन परत चालू करता येतं?

प्रश्न : नमस्कार मॅडम, माझा भाचा १६ वर्षांचा आहे, एसएस पॅटर्नचा (आई-वडील दोघांकडून दोष आलेला) सिकलसेल. थंडी सुरू झाली की हातपाय इतके दुखतात की ॲडमिट करावं लागतं. व्हॉट्सॲपवर आलंय की अमेरिकेत जीन बदलून सिकलसेल पूर्ण बरा करतात. खरं आहे का, आणि हे कोणी शोधलं? गोळ्या तो घेत नाही, म्हणतो ते कॅन्सरचं औषध आहे. भाची एएस (फक्त वाहक) आहे, तिचं लग्न ठरवायचंय, तेही सांगा. (एक वाचक, जि. गडचिरोली)

उत्तर : मेसेज खरा आहे, फक्त अर्धाच आहे.

भाचा तान्हा असताना त्याला त्रास नव्हता, आठवतंय का? बहुतेक सिकलसेलच्या बाळांचं पहिले काही महिने असंच असतं. पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्याला एचबीएफ म्हणतात, आणि ते असलं की लाल पेशी विळ्यासारख्या वाकत नाहीत. न्यूयॉर्कच्या डॉ. जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच बाळांच्या रक्ताकडे बघून हे सुचवलं होतं. मग जन्मानंतर एचबीएफ बंद कोण करतं? याचं उत्तर मिळायला साठ वर्षं लागली!

स्वी ले थाईन आणि इतर काही संशोधकांना २००७-०८ मध्ये दिसलं की ज्यांचं एचबीएफ मोठेपणीही थोडं जास्त राहतं त्यांच्यात बीसीएल११ए नावाच्या जीनपाशी फरक असतो. बॉस्टनला स्टुअर्ट ऑर्किन यांच्या लॅबमध्ये विजय शंकरन तेव्हा शिकत होते, त्यांनी २००८ मध्ये दाखवलं की हाच जीन एचबीएफ दाबून ठेवतो. मग टाका ना तो जीन उडवून, असं कोणालाही वाटेल, पण तोच जीन इम्युनिटीच्या बी पेशी बनायला लागतो, मेंदूच्या वाढीलाही लागतो, म्हणजे रक्त सुधारायला जाऊन दुसरंच बिघडायचं. २०१३ मध्ये ऑर्किन यांच्याच गटाला त्या जीनमधला एक छोटा तुकडा सापडला जो त्याला फक्त लाल पेशींच्या वंशात चालू ठेवतो. तेवढाच तुकडा कापला की बी पेशींना धक्का नाही आणि एचबीएफ परत सुरू. मला विचाराल तर सगळ्या कामाचा जीव या तुकड्यात आहे. ऑर्किन आणि थाईन यांना २०२४ चा शॉ पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी.

यावरूनच कॅसजेव्ही नावाची ट्रीटमेंट निघाली, २०२३ च्या शेवटी आधी ब्रिटनमध्ये आणि मग अमेरिकेत मंजूर झाली, १२ वर्षांपुढच्यांसाठी. अमेरिकेत मंजुरीच्या वेळी ज्या ३१ जणांचा हिशोब लावता आला त्यातले २९ जण सलग वर्षभर तरी मोठ्या दुखण्याशिवाय राहिले. आता मेसेजमध्ये नसलेला अर्धा भाग. पेशंटच्याच स्टेम सेल (रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी) काढून, लॅबमध्ये त्यांतला तो तुकडा कापून परत देतात, पण त्याआधी जुना बोनमॅरो (हाडांतला रक्त बनवणारा मगज) जोरदार केमोने रिकामा करावा लागतो, पुढे मूल होण्यावर त्याचा परिणाम होऊ शकतो, आणि किंमत २०२३ मध्ये २२ लाख डॉलर होती, तेव्हाच्या भावाने १८ कोटींच्या आसपास. भाच्याला निरोगी किंवा एएस सख्खं भावंड असेल तर एचएलए (पेशींवरची ओळखखूण) जुळतं का ते बघा (भाची त्याची सख्खी बहीण असेल तर ती एएस असली तरी चालते), बोनमॅरो ट्रान्सप्लांट हा जुना आणि खरा इलाज आहे.

आणि ती गोळी! हायड्रॉक्सीयुरिया कॅन्सरमध्ये वापरतात हे बरोबर, पण सिकलसेलमध्ये ती एचबीएफच वाढवते, म्हणजे १८ कोटींची ट्रीटमेंट जे करते तेच, कमी प्रमाणात. १९९५ च्या अमेरिकेतल्या चाचणीत मोठ्यांचं दुखणं जवळजवळ निम्म्यावर आलं होतं. भाच्याला एवढंच सांगा. परिणाम दिसायला काही महिने लागतात, मध्ये सोडायची नाही, सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) ठरल्या वेळी करायची, आणि मुलगा आहे तर शुक्राणूंवर होणाऱ्या परिणामाबद्दल डॉक्टरांना लाज न बाळगता विचारायचं.

भाचीचं सोपं आहे. एएस म्हणजे वाहक, तिचा पुढे एसएस होत नाही, लग्नाला काही अडचण नाही. फक्त होणाऱ्या नवऱ्या मुलाची रक्त तपासणी आधी करून घ्या, सोल्युबिलिटी या झटपट चाचणीवर थांबू नका, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणाऱ्या तपासण्या) करा. तोही एएस निघाला तर प्रत्येक गरोदरपणात एसएस बाळाची शक्यता २५ टक्के असते, पहिलं मूल चांगलं निघालं म्हणून दुसऱ्या वेळी ती कमी होत नाही. अशा वेळी दिवस राहिल्यावर लगेच, पहिल्या तीन महिन्यांतच, गर्भाच्या तपासणीबद्दल विचारा.