वाचकांचे प्रश्न: माळावरचे प्लॉट आणि परदेशी सहकारी

आमच्या कॉलेजचा काळ्या मातीचा गवताळ माळ आहे. तिथे न्यूट्रिएंट नेटवर्कच्या (जगभरच्या गवताळ जमिनींवर एकाच पद्धतीने खतांचे प्रयोग करणाऱ्या संशोधकांच्या जाळ्याच्या) पद्धतीने प्लॉट मांडावेत, असं परदेशी संशोधकांनी सुचवलं आहे. खत कृषी केंद्रातलं चालेल का? कापणी कधी करायची?
– प्राध्यापक, शिरपूर

पहिल्या वर्षी खत टाकायचंच नाही, नुसत्या नोंदी घ्यायच्या. त्या नसतील तर पुढचा फरक खताचा की जमिनीचा, हे सांगता येत नाही.

खरा घोळ मापात होतो. नेटवर्कचं माप दर चौरस मीटरला वर्षाला नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम प्रत्येकी 10 ग्रॅम, तेही शुद्ध मूलद्रव्यात. आपल्या पोत्यावरचे स्फुरद-पालाशाचे (फॉस्फरस-पोटॅशियमचे) आकडे ऑक्साइडचे असतात. 10 ग्रॅम फॉस्फरस म्हणजे साधारण 23 ग्रॅम फॉस्फरस पेंटॉक्साइड, म्हणजे त्याचं ऑक्साइड. म्हणून 5 बाय 5 मीटरच्या प्लॉटला 46 टक्क्यांचं ट्रिपल सुपर फॉस्फेट सव्वा किलो लागतं. ते मिळत नाही म्हणून डीएपी उचलू नका. त्यात नायट्रोजनही असतो, मग ज्या प्लॉटला एकटा फॉस्फरस द्यायचा, तो गेलाच म्हणायचा. सिंगल सुपर फॉस्फेटमधून गंधक येतं. युरिया एका प्लॉटला 543 ग्रॅम. आपल्याकडे तो नीमलेपित मिळतो, नेटवर्क सावकाश विरघळणारा वापरतं. हा फरक वहीत लिहा आणि परदेशी सहकाऱ्यांना आधीच कळवा.

कापणीची तारीख त्यांच्या कॅलेंडरवरून घेऊ नका. पद्धत सगळ्यांची एक, हंगाम मात्र आपापला. खान्देशात गवत सप्टेंबरअखेर भरात येतं. कुसळी (टोकदार कुसळांचं गवत) असेल तर कुसळं गळायच्या आत कापा, नाहीतर वजनाचा एक हिस्सा तुमच्या पँटीला चिकटून घरी जातो. 10 सेंटिमीटर बाय 1 मीटरच्या दोन पट्ट्या जमिनीलगत कापायच्या, 60 अंशांवर 48 तास वाळवून 0.01 ग्रॅमपर्यंत तोलायच्या. दोन्हींच्या बेरजेला 5 ने गुणलं की चौरस मीटरचं वजन. पुढच्या वर्षी पट्टी न कापलेल्या जागी सरकवायची.

खुंट्यांकडे नीट लक्ष द्या. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खुंटी कलते. मोबाइलचा जीपीएस काही मीटर चुकतो, प्लॉटच पाच मीटरचा, तेव्हा त्यावर विसंबू नका. इमारतीच्या जोत्यावरच्या दोन पक्क्या खुणांपासून प्रत्येक कोपऱ्याचं अंतर टेपने मोजून ठेवा. कोपऱ्यात वीतभर लोखंडी सळई जमिनीखाली पुरा. वर दिसली तर भंगारात जाईल. पुरलेली मेटल डिटेक्टरने सापडते.

वाळलेलं गवत तपासणीला परदेशी पाठवू का?
– त्याच वाचकांचा दुसरा प्रश्न

परस्पर पाठवू नका. जैविक विविधता अधिनियम, 2002 प्रमाणे परदेशी संशोधकांना आपलं जैविक साहित्य घ्यायला राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. केंद्राने मान्य केलेल्या सहयोगी प्रकल्पांना सवलत आहे, पण तो कागद हातात हवा. सोपी वाट म्हणजे नत्र-कर्बाची (नायट्रोजन-कार्बनची) तपासणी भारतातच करून घ्या; आकडे पाठवण्याआधीही परवानगी लागते का, हे प्राधिकरणाला विचारा. कच्ची नोंदवही कॉलेजातच राहील, आणि तुमचे आकडे वापरणाऱ्या लेखात नाव घालण्याबद्दल आधी विचारलं जाईल, हे पहिल्या वर्षीच लेखी घ्या.